पुढच्याची हाक

थोरल्याने त्या दिवसापुरतं एकच मनाशी पक्कं केलं होतं. संध्याकाळी डोंगर उतरून घरी येईपर्यंत धाकट्याला आपल्या डोळ्यांबद्दल काही म्हणता काही कळू द्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा विमानात बसणार होता. समुद्रापलीकडे पूल बांधणाऱ्या एका कंपनीत त्याला नोकरी लागली होती. तो एकदा तिकडे पोचला की मग काय कळायचं ते कळो, आजचा दिवस तेवढा निभावायला हवा होता. आता नजर जात चाललेल्या माणसाने ती लपवायला जागा कुठली निवडावी? तर डोंगरातली सायकलची वाट! देवाने अक्कल वाटली तेव्हा हे दोघे भाऊ सायकलवर होते, असं थोरल्याची बायको म्हणायची, ते काही अगदीच खोटं नाही.

डोळ्यांचं झालं होतं ते असं. समोरचं स्वच्छ दिसायचं, अगदी सुईत दोरा ओवण्याइतकं. जात चाललं होतं ते कडेचं. डावीकडचं, उजवीकडचं, खालचं, सगळं हळूहळू पुसत आलं होतं आणि आता नळकांड्यातून पाहावं तेवढंच उरलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं की यावर औषध नाही, आणि मधलंही पुढेमागे जाईल. सायकल आजपासून बंद, असंही बजावलं. फर्निचरच्या कारखान्यात तो करवतीच्या मशीनवर असायचा. एकदा बोट जाता जाता वाचलं तेव्हा मालकाने त्याला तिथून उठवून पॉलिशच्या खोलीत बसवलं. धाकट्याला त्याने बढती मिळाल्याचं सांगितलं. खरं काय ते फक्त बायकोला ठाऊक होतं आणि तिला त्याने शपथ घातली होती.

लपवण्याचं कारण साधं होतं. आईवडील गेले तेव्हा धाकटा शाळेत होता. त्याला थोरल्याने आणि नव्यानेच घरात आलेल्या वहिनीने वाढवलं. ही नोकरी धाकट्याला पूर्वी एकदा चालून आली होती, आणि नेमकी तेव्हाच वहिनीची मोठी शस्त्रक्रिया निघाली. नवराबायकोने ते लपवायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण या पठ्ठ्याने कुठूनसं शोधून काढलं आणि कुणाला न विचारता कंपनीला नकार कळवून टाकला. वर म्हणाला, "नोकऱ्या छप्पन्न मिळतील, वहिनी एकच आहे." छप्पन्न काही मिळाल्या नाहीत. नशिबाने तीच एक पुन्हा मिळाली. आता डोळ्यांचं कळलं असतं तर त्याने भरलेल्या बॅगा उलट्या केल्या असत्या, आणि तिसऱ्यांदा कोण बोलावतंय?

म्हणून धाकट्याने "दादा, जायच्या आधी एकदा पूर्ण डोंगर करू, पहिल्यासारखा," म्हटलं तेव्हा थोरल्याला नाही म्हणता येईना. नाही म्हटलं की 'का' आलंच.

पहाटे बायको दारात आडवी उभी राहिली. "अहो, काहीतरी कारण सांगा. पाठ धरलीय म्हणा."

"पाठ धरली म्हटलं तर तो पाठ दाबत बसेल आणि डॉक्टरकडे नेईल. ओळखत नाहीस का त्याला?"

"तुम्हालाही ओळखते," ती म्हणाली आणि बाजूला झाली. जिन्याखालून धाकट्याच्या सायकलची घंटी वाजत होती.

या दोघांची एक रीत होती. अरुंद वाटेवर पुढच्याने हाक द्यायची आणि मागच्याने होकार भरायचा. दगड आला की "दगड!", झाडाचं मूळ आडवं आलं की "मूळ!", वाट एकदम खाली तुटली की "पायरी!" मागच्याने "हो!" म्हणायचं, म्हणजे ऐकू गेल्याचं पुढच्याला कळतं. उतारावर मागचा पुढच्याच्या चाकाला चिकटून असतो. त्याला वाट अशी दिसतच नाही, दिसते ती पुढच्याची पाठ. म्हणून हाक चुकवायची नाही. भांडण झालेलं असो, आठवडाभर बोलणं बंद असो, हाक द्यायची म्हणजे द्यायची. धाकटा लहान असताना थोरल्याने ही रीत पाडली, आणि तेव्हापासून पुढची जागा त्याची. पुढे धाकटा त्याच्याहून वीतभर उंच झाला, पण थोरल्याच्या तोंडी नाव 'बारक्या'च राहिलं आणि जागाही मागचीच राहिली.

डोंगराच्या पायथ्याशी, वस्ती संपून झाडी सुरू होते तिथे, थोरल्याने आपला एकुलता एक डाव टाकला. "बारक्या, आज तू हो पुढे. तुझा दिवस आहे."

"छट! माझा दिवस आहे म्हणूनच तू पुढे," धाकटा म्हणाला. "तुझी पाठ बघायला आलोय मी. तिकडे काय, सगळे परके पार्श्वभाग."

डाव असा पहिल्याच फटक्यात फसला. थोरला हसला, हेल्मेटचा पट्टा आवळला आणि पुढे निघाला.

चढ तसा बेताचा निघाला. चढावर सायकल गोगलगायीच्या चालीने जाते, घाम नाकावरून गळतो आणि दगडाशी ओळख करून घ्यायलासुद्धा वेळ मिळतो. मान सारखी डावी-उजवीकडे फिरवली की त्याच्या नळकांड्यात बरंच काही येऊन जायचं. गिअर हलका करून तो संथ पायडल मारत राहिला. मागून धाकट्याची बडबड चालू होती.

"दादा, बढतीने पोट सुटलं वाटतं तुझं."

"पोट नाही रे ते. अनुभव साठलाय."

"आणि मान काय सारखी फिरवतोयस? काही हरवलंय का?"

"डोंगर बघतोय. तुला पुन्हा बघायला मिळणार नाही, माझ्या डोळ्यांनी तरी बघून घे." बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच कसंसं झालं. धाकटा मात्र खदखदून हसला.

माथ्यावरच्या धारेवर पोचले तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. धारेवरची वाट म्हणजे दोन्हीकडे उतार आणि मधे जेमतेम हातभर सपाटी, तीही खडकाळ. इथून हाका सुरू झाल्या. खरं सांगायचं तर थोरला त्या हाका पाहून देतच नव्हता. इतकी वर्षं या वाटेने गेलेला माणूस! पाढे म्हणावेत तशी तो वाट म्हणत होता. तिरक्या खडकानंतर दोन दगड, मग वळण, मग खुरटं झाड, झाडाचं मूळ. "दगड!" "हो!" "डावीकडे!" "हो!" "मूळ!" "हो!" एकेक होकार पाठीवर पडत होता आणि त्याच्या जिवात जीव येत होता.

"पायरी!" तो ओरडला, ढुंगण सीटच्या मागे नेलं आणि दणक्याची वाट बघत राहिला. दणका आला नाही. वाट सपाट होती.

धाकटा मागून ओरडला, "दादा, कुठली पायरी? दरड आली तेव्हाच बुजली ना ती! आपण दोघांनी तर बुजलेली पाहिली गेल्या खेपेला."

थोरल्याने पाहिली होती खरी, पण पाढ्यात ती तशीच राहून गेली होती. "जिभेची सवय रे," तो म्हणाला.

"जिभेला पेन्शन दे आता," धाकटा म्हणाला, आणि सुदैवाने ते हसण्यावारी गेलं.

दुपारी ते झऱ्यापाशी थांबले. सायकली दगडाला टेकवल्या, बूट काढले आणि वहिनीने बांधून दिलेली उकडलेली अंडी आणि बटाटे खाल्ले. धाकटा बराच वेळ गप्प होता. हे पाखरू गप्प बसलं की काहीतरी मोठं बाहेर पडणार, हे थोरल्याला माहीत होतं.

"एक सांगू? हसायचं नाही," धाकटा म्हणाला.

"सांग."

"मधे मी ऑफिसातल्या लोकांबरोबर सायकलला गेलो होतो ना, पलीकडच्या डोंगरात. सगळ्यांनी मला भित्रा ठरवलं. दर वळणाला ब्रेक दाबत होतो मी. हातच सुटेनात ब्रेकवरून."

"तू? तू तर वेड्यासारखा येतोस खाली."

"तुझ्यामागे येतो. त्यांच्यात पुढे तू नव्हतास." त्याने अंड्याचं टरफल उगाच बारीक बारीक केलं. "तिकडे जायचं तर तेवढीच भीती वाटते. कामाची नाही वाटत. आणि हे बघ, तुला किंवा वहिनीला काही झालं तर मला कळवायचं. मागच्या वेळेसारखं लपवायचं नाही. मी तिथून निघून येईन, पण लपवलेलं मला चालणार नाही."

आता यावर माणसाने काय बोलावं? सांगून मोकळं व्हावं, असं आपण काठावर बसून म्हणू. थोरल्याच्याही अगदी ओठांवर आलं होतं. बारक्या, मला तुझं समोरचं तोंड दिसतं आणि मांडीवरचे हात दिसत नाहीत, एवढंच वाक्य होतं. पण 'मी निघून येईन' हे शब्द त्याने ऐकले होते, आणि धाकटा दिल्या शब्दाला जागणारा होता, हीच तर सगळी पंचाईत होती. "आम्हाला काय धाड भरलीय," तो म्हणाला आणि बाटली भरायला उठला. झऱ्याची धार आधी मनगटावर पडली, मग चाचपून बाटलीत शिरली. धाकटा तेव्हा बूट घालत होता.

उतरणीची वाट झाडीतून होती. उंच झाडं, खाली वाळक्या पानांचा थर, त्यात उन्हाचे कवडसे. उजेडातून एकदम सावलीत शिरलं की थोरल्याच्या डोळ्यांपुढे क्षणभर काळोखच यायचा. शहाणा माणूस इथे उतरून चालत गेला असता. पण धाकटा मागे चिकटून होता, त्याच्या ब्रेकचा आवाजसुद्धा येत नव्हता, आणि आज शेवटचं म्हणून थोरल्यालाही तो वेग हवासा वाटला. खोटं कशाला बोला? इतक्या दिवसांनी त्याला आपण धडधाकट आहोत असं वाटत होतं. "मूळ!" "हो!" "उजवीकडे!" "हो!" "दोन दगड!" "हो!" चाकं नुसती उडत होती. पुढचं वळण घेताना तो सवयीने वाटेच्या उजव्या कडेला लागला आणि सपकन निघून गेला.

मागे काहीतरी फाडकन वाजलं. मग पत्र्याचा डबा गडगडावा तसा आवाज आला, आणि मग काहीच नाही.

"बारक्या!"

होकार आला नाही. थोरल्याने सायकल तिथेच टाकली आणि वर धावला. मुळांना दोनदा अडखळून पडला, उठला. धाकटा वाटेच्या खाली पालापाचोळ्यात बसला होता. हनुवटी फाटून रक्त गळत होतं, उजव्या तळव्याची सालटं निघाली होती आणि हेल्मेटला कपाळापासून मागपर्यंत तडा गेला होता. शुद्धीवर होता. हातपाय हलवून पाहिले, मोडलं काही नव्हतं. थोरल्याने सदऱ्याची बाही फाडून हनुवटीवर दाबून धरली.

"हाक का नाही दिलीस?" धाकट्याने विचारलं.

थोरल्याने मान वळवली. डाव्या बाजूला एक झाड उन्मळून पडलेलं होतं, आणि त्याची मांडीएवढी जाड मोडकी फांदी छातीच्या उंचीवर वाटेत घुसली होती. त्याला ती आत्ता, मान पूर्ण वळवल्यावर दिसली. तो तिच्या वीतभर बाजूने गेला होता.

"राहून गेलं," तो म्हणाला.

"राहून गेलं? एवढं झाड? दादा, तू त्याला खेटून गेलास!"

थोरल्याला इकडे आड आणि तिकडे विहीर. खरं सांगितलं तर उद्याचं विमान चुकलंच म्हणून समजायचं. दुसरं कुठलं कारण द्यायचं? पुढच्याची हाक राहून जात नाही, हे त्यानेच या पोराला शिकवलं होतं.

धाकट्याने बाही त्याच्या हातातून काढून घेतली आणि स्वतःच दाबून धरली. तो थोरल्याकडे पाहत राहिला. त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला, आणि चेहरा तेवढा थोरल्याला अगदी स्पष्ट दिसत होता.

"मी जायला नको आहे तुला," धाकटा म्हणाला. "सकाळपासून बघतोय. मी बोलतो आणि तू दुसरीकडेच बघतोस. झऱ्यावर मी मन मोकळं केलं तर पाठ फिरवून उठून गेलास. माझा हात मोडला असता म्हणजे राहिलोच असतो ना मी इथे?"

"बारक्या..."

"मुद्दाम नाही दिलीस ना हाक? नाही म्हण. एकदा नाही म्हण, मी विषय सोडून देतो."

नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न 'मग का' हाच होता. आणि थोरल्याला त्याच वेळी दुसरंही कळून चुकलं होतं. रागावलेला माणूस जातो. काळजीत पडलेला राहतो.

"काय समजायचं ते समज," तो म्हणाला.

धाकटा उठला. पुढचं चाक आऊट झालं होतं, ते थोरल्याने गुडघ्यात धरून, जमिनीवर आपटून ब्रेकमधून फिरण्याइतकं सरळ केलं. मग धाकटा सायकलवर बसला आणि पुढे निघाला. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदा पुढे होता. थोरला मागे लागला आणि कान देऊन राहिला. पहिलं मूळ आलं, चाक उडालं, हँडल हातातून सुटता सुटता राहिलं. पुढून हाक आली नाही. मग दगड आला. हाक नाही. भांडणातसुद्धा हाक द्यायची, ही रीत दादानेच मोडली, आता माझ्याकडून कसली अपेक्षा, असं त्या पोराच्या मनात असणार. त्याला तरी काय दोष द्यायचा?

झाडीत उजेड उतरत चालला होता. धाकट्याची पाठ एका वळणाला नळकांड्याबाहेर गेली ती पुन्हा आत आलीच नाही. थोरला उतरला आणि सायकलच्या आधाराने, पायाने वाट चाचपत चालू लागला. एकदा ओढ्यात गेला, एकदा काट्यांत. रडत होता, पण इथे बघायला कोण होतं? खाली डांबरी रस्त्यावर धाकटा सायकलला टेकून उभा होता.

"एवढा वेळ?"

"चेन निसटली," थोरला म्हणाला. धाकट्याने चेनकडे पाहिलंसुद्धा नाही.

वाटेतल्या दवाखान्यात हनुवटीला टाके पडले, तळव्याला जाड पट्टी बांधली. घरी वहिनीने दोघांची तोंडं पाहिली आणि काय ते ओळखलं. धाकटा खोलीत जाऊन झोपल्यावर ती स्वयंपाकघरात नवऱ्यासमोर उभी राहिली.

"आत्ताच्या आत्ता सांगा त्याला. नाहीतर मी सांगते."

"शपथ आहे तुला."

"चुलीत गेली तुमची शपथ! तो तुमच्याबद्दल काय मनात घेऊन चाललाय कळतंय का? आयुष्यभर सलेल त्याला."

"तिथे रुळला की सांगू. मग येईल सुट्टीला, दोन शिव्या देईल." थोरला टेबलाच्या कडेवर बोट फिरवत होता. "आत्ता जाऊ दे गं. माझं काय जायचं ते गेलंय, त्याचं तरी राहू दे."

तिने भांडी आपटली, पण त्याची शपथ मोडली नाही. ती मोडायला हवी होती की नव्हती, हे ती पुढे कितीदा तरी स्वतःला विचारणार होती.

सकाळी टॅक्सी दारात आली. बॅगा चढल्या. धाकट्याने वहिनीला घट्ट मिठी मारली. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत "जेवत जा, वेळेवर झोपत जा," असलं काहीबाही बोलत राहिली, कारण दुसरं बोलायला गेली असती तर बांध फुटला असता. मग तो थोरल्यासमोर येऊन उभा राहिला.

थोरला त्याच्याकडे एकटक पाहत होता. हनुवटीवरचे टाके, रात्री न झोपल्याने सुजलेल्या पापण्या, लहानपणी खिडकीवर आपटून भुवईत पडलेली खोक. पुढच्या खेपेला तो येईल तेव्हा यातलं किती दिसेल कोण जाणे, म्हणून तो सगळं साठवून घेत होता. मानसुद्धा हलवत नव्हता. धाकट्याच्या चेहऱ्यावर आधी काहीतरी मऊ आलं. ओठ हलले. थोरल्याला वाटलं, आता हा काहीतरी बोलणार. तो वाट बघत राहिला. मग तो मऊपणा हळूहळू गेला, जबडा आवळला गेला आणि चेहरा नळकांड्यातून निघून गेला. टॅक्सीचं दार लागलं.

गाडी कोपऱ्यावरून वळली. मग बायको म्हणाली, "हात का नाही दिलात त्याला?"

"कुठला हात?"

तिने तोंडावर पदर धरला. "अहो, त्याने हात पुढे केला होता. पट्टी बांधलेला. किती वेळ तसाच धरून उभा होता तो."

थोरला भिंतीला टेकला. "मी त्याचं तोंड बघत होतो गं," तो म्हणाला.

तिने धावत आत जाऊन फोन आणला आणि त्याच्या डोळ्यांसमोर, अगदी मधोमध धरला. "लावा. अजून चौकातसुद्धा गेला नसेल. एवढंच सांगा, हात दिसला नाही म्हणून."

थोरल्याने फोन घेतला. धाकट्याचा नंबर काढला. अंगठा त्याच्यावर धरून तो बराच वेळ उभा राहिला. मग त्याने फोन तिच्या हातात परत दिला.

"सांगितलं तर परत येईल तो," तो म्हणाला.